मिठागर चौकोनात बसत नाही

नायगावची मिठागरं रंगवायची तर कागद आडवा लागतो, आणि तोही नेहमीपेक्षा लांब. अर्ध्या इम्पिरिअल कागदाचे लांबीत दोन तुकडे केले की २२ बाय साडेसात इंचांची पट्टी मिळते. त्यात खाऱ्या पाण्याचे वाफे, मधले बांध, टोकाला मिठाच्या राशी आणि मागे तुंगारेश्वरची निळसर रेघ असं सगळं ऐसपैस मावतं. हेच चित्र वेबसाइटच्या तयार चौकोनी ग्रिडमध्ये टाकलं की मधला जेमतेम एक तृतीयांश भाग उरतो. राशी जातात, डोंगर तुटतो, राहतं ते राखाडी पाणी. वसईच्या किल्ल्यातल्या संत जोसेफ चर्चच्या मनोऱ्याचं उलट होतं. १७३९ ची चिमाजी आप्पांची मोहीम पाहूनही जो मनोरा अजून उभा आहे, त्याचं डोकं एक थंबनेल उडवून टाकतं.

त्यामुळे एखादा होतकरू चित्रकार ‘सर, पोर्टफोलिओसाठी कुठला प्लॅटफॉर्म घेऊ?’ असं विचारतो, तेव्हा मी आधी त्याची चित्रं मागतो. नावं त्याला माझ्यापेक्षा जास्त पाठ असतात: विक्स, स्क्वेअरस्पेस, बिहान्स, वर्डप्रेस. त्याच्याकडच्या चित्रांत आडवी किती, उभी किती, बारीक काम किती, हे पाहिल्याशिवाय उत्तर देता येत नाही. बोधचित्रं किंवा पुस्तकांची मुखपृष्ठं करणाऱ्याला बिहान्स चांगलं. तिथे कच्च्या रेखाटनापासून छापील प्रतीपर्यंतचा प्रवास एकाखाली एक मांडता येतो आणि काम देणारी माणसंही तिथे येतात. भिंतीवर टांगायची चित्रं करणाऱ्याला तेवढं पुरत नाही. त्याला मोकळी जागा हवी, एका वेळी एकच चित्र हवं आणि कडा शाबूत हव्यात.

इन्स्टाग्राम तर सगळेच वापरतात, मीही वापरतो. पण त्याची चौकट आपल्या हातात नाही. सुरुवातीला फक्त चौकोन होता, ऑगस्ट २०१५ मध्ये आडवी-उभी चित्रं टाकायची मुभा मिळाली. पुढे जानेवारी २०२५ मध्ये प्रोफाइलवरचं ग्रिडच उभं झालं. ज्यांनी नऊ-नऊ चौकोन जुळवून एक मोठं चित्र मांडलं होतं, त्यांची मांडणी एका रात्रीत विस्कटली. लोकांशी ओळख व्हायला ती जागा उत्तम आहे, पण कामाचं दप्तर तिथे ठेवू नये, असं माझं मत.

चौकटीनंतर रंग. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून टाकलेला वॉश सुकला की कागदाच्या खळग्यांत रंगाचे दाणे बसतात. किल्ल्याच्या काळ्या दगडावरची सावली मला त्या दाण्यांतूनच मिळते. वेबसाइट फाइल हलकी करायला ती जोरात दाबते, तेव्हा आधी हे दाणेच पुसले जातात आणि सावलीच्या जागी गुळगुळीत डाग उरतो. म्हणून नवा प्लॅटफॉर्म पारखताना मी त्यावर सर्वांत देखणं नव्हे, सर्वांत अवघड चित्र चढवतो आणि साध्या, स्वस्त फोनवर उघडतो. बहुतेक लोक ते तसंच पाहणार आहेत, तेही विरार लोकलमध्ये एका हाताने कडी धरून. फाइल मात्र एसआरजीबीतच द्यावी. अडोबी आरजीबीत दिली आणि साइटने रंगांची नोंद काढून टाकली, तर केशरी संध्याकाळ मलूल दिसते आणि आपण उगाच प्लॅटफॉर्मला बोल लावतो. फोटो काढायला ढगाळ दिवसाचा मऊ उजेड चांगला, पण जुलैत वसईच्या दमट हवेने कागद फुगतो आणि त्याच्या लाटांची सावली फोटोत येते. आधी कागद सपाट करून घ्यावा.

आता खरा मुद्दा. नालासोपारा-विरारला भाड्याने राहणाऱ्याला अकरा महिन्यांचा करार काय असतो हे सांगावं लागत नाही. वेबसाइटचे बहुतेक प्लॅटफॉर्म तसेच आहेत. जिओसिटीज २००९ मध्ये बंद झालं, गुगल प्लस २०१९ मध्ये. फ्लिकरने २०१८ च्या अखेरीस फुकट खात्यांवर हजार फोटोंची मर्यादा जाहीर केली. यांतलं काहीही चित्रकाराच्या हातात नव्हतं. मग घेताना विचारायचं ते हे, की सोडताना सामान नेता येईल का? विक्सवर पानं बनवणं अगदी सोपं, पण तिथली बनवलेली साइट उचलून दुसरीकडे नेता येत नाही. वर्डप्रेसमधून मजकूर एका फाइलीत काढता येतो आणि चित्रं वेगळी उतरवता येतात. त्या बदल्यात अपडेट, बॅकअप, प्लगइनची कटकट आपल्या डोक्यावर. ती मी पत्करली. चौकोनी कापणीही तिथे मीडिया सेटिंगमधली एक खूण काढून आणि थीम नीट पारखून टाळता येते.

डोमेन मात्र कुठल्याही परिस्थितीत स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर असावं. ओळखीतल्या एका शिल्पकाराचं डोमेन साइट बनवून देणाऱ्याने आपल्याच नावावर घेतलं होतं. पुढे तो फोन उचलेना, आणि इतकी वर्षं कार्डावर छापलेला पत्ता कायमचा गेला. प्लॅटफॉर्म बदलला तरी डोमेन तेच ठेवता येतं, हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी थोडं. परदेशी थीममध्ये ओळींतलं अंतर रोमन अक्षरांच्या मापाचं असतं, त्यामुळे वेलांट्या आणि रफार वरून छाटले जातात. ते अंतर वाढवावं आणि ‘मुक्ता’सारखा फॉन्ट घ्यावा. तो मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला आहे आणि फुकट मिळतो. चित्राचं नाव मराठीतच द्यावं, पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत. नाहीतर पत्त्यातला ‘मिठागर’ एवढा शब्द कॉपी करून व्हॉट्सअॅपवर पाठवला की टक्क्यांच्या खुणांनी भरलेली ५४ अक्षरांची माळ होते. ती पाहून कोण क्लिक करणार!

चित्राखाली नाव, साल, माध्यम, माप आणि जागा एवढं लिहावंच. गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हशे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, तरी वारली चित्रं इंटरनेटवर फिरतात ती बहुतेक बिननावाची. कुणाची, कुठल्या पाड्यावरची, काही कळत नाही. आपल्याच जिल्ह्यातलं हे उदाहरण समोर असताना वसईतल्या चित्रकारांच्या साइटवर ‘अनटायटल्ड ७’ वाचलं की मला राग येतो. किंमत लिहावी की नाही, यावर आमच्यात एकमत नाही. मी लिहितो. विकलेलं चित्र काढून टाकत नाही, ‘विकलं’ असं खाली टाकतो. घासाघीस करणारे फोन त्याने कमी झाले.