आजीचा पाला आणि नळाचं पाणी

रात्रीचे दहा. डोक्यावर डेडलाइन, पोटात कावळे. अंडं तळायला तेल तापवलं आणि त्यातलं चमचाभर थेट मनगटावर! रूममेट टूथपेस्ट घेऊन धावली. मी मात्र आजीला फोन लावला.

आजी धाराशिव जिल्ह्यातली, येडशीजवळच्या खेड्यात राहणारी. सुट्टीत सायकलवरून आपटलं की ती बांधावरून दगडीपाला खुडायची, तळहातावर चुरगळायची आणि रस गुडघ्यावर पिळायची. सॉलिड झणझणायचं. कुणी त्याला एकदांडी म्हणतं, कुणी कंबरमोडी. हे तण मूळचं अमेरिकेच्या उष्ण भागातलं, हे मला खूप उशिरा कळलं. जखम भरण्यासाठी त्याचा उपयोग प्राण्यांवरच्या प्रयोगांतही तपासला गेलाय.

त्यामुळे मला वाटलं, आता एखादा झकास पाला सांगेल.

‘‘आधी हात नळाखाली धर. काही लावू नको, बाळा.’’

‘‘कोरफड? हळद?’’

‘‘काही नको म्हणलं ना!’’

मग ती थोडं थांबून बोलली. तिचा उजवा हात कोपरातून सरळ होत नाही, हे आम्ही सगळे लहानपणापासून बघतोय. कारण कधी कुणी विचारलंच नाही. सात वर्षांची असताना चुलीवरचं आधण अंगावर आलं होतं. कुणी शाई ओतली, कुणी पाला वाटून थापला. जखम चिघळली, कातडी आखडली. ‘‘पाला वाईट नव्हता गं,’’ आजी म्हणाली, ‘‘पण खरचटल्यावरचा पाला भाजल्यावर कशाला?’’

आपल्याला या औषधांचा अभिमान आहे आणि तो असावाच. १९९५ मध्ये हळदीच्या जखम भरण्याच्या गुणावर अमेरिकेत पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरनं जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. पण हळद आपली आहे, म्हणून ती ताज्या भाजलेल्या कातडीवर थापायची असं थोडंच आहे?

डॉक्टरांचा फंडाही आजीसारखाच आहे. आधी २० मिनिटं वाहतं गार पाणी, बर्फ नाही. अंगठी, बांगडी लगेच काढायची. फोड फोडायचे नाहीत. तळहाताहून मोठा भाग भाजला असेल, किंवा चेहरा, हात, सांधे भाजले असतील तर सरळ दवाखाना. किरकोळ भाजलं असेल तर कातडी गार झाल्यावर कोरफडीचा गर चालतो. उघड्या जखमेवर घरचा पाला नको.

मी घड्याळ लावून २० मिनिटं सिंकपाशी उभी राहिले. अंडं करपलं.

सकाळी तिचाच फोन. ‘‘फोड आला का? डॉक्टरला दाखव हां.’’ मग हळूच, ‘‘दिवाळीला ये. गुडघा फुटला तर पाला आहेच की!’’

या वेळी गेले की तिचा तो कोपर हातात घेऊन बसणार आहे. इतकी वर्षं विचारायचं राहून गेलेलं सगळं विचारायला.