पे दाखवा

उर्दूत ‘खुदा’ आणि ‘जुदा’ या दोन शब्दांत फरक फक्त एका टिंबाच्या जागेचा आहे. नुक्ता वर असला तर खुदा, खाली आला तर जुदा. मराठीतही ‘मद’वर अनुस्वार चढला की ‘मंद’ होतो. दोन्ही भाषा शिकवणाऱ्याला संगणकाचा पडदा घेताना टिंब दिसते की नाही, हे सगळ्यात आधी पाहावे लागते.

2003 साली बी.एड. करून मी सोलापुरात शिक्षणसेवक म्हणून लागलो होतो. प्रश्नपत्रिका घरीच टाइप करता याव्यात म्हणून संगणक घ्यायचे ठरले. अब्बा कातिब. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, जलशांची पोस्टरे, सगळे त्यांच्या हातचे. 1994 साली इनपेज आले आणि पुढे हाताने लिहून घेणारे कमी होत गेले. ज्या यंत्राने त्यांच्या कलमाचे काम नेले, तेच यंत्र निवडायला मी त्यांना सोबत चला म्हणालो. ते थोडा वेळ गप्प बसले. मग चष्मा पुसला आणि चपला घातल्या.

तेव्हा मॉनिटर म्हणजे जड काचेची नळी. आत मागून तीन इलेक्ट्रॉन झोत येतात, जाळीतून गाळले जातात आणि काचेवरच्या लाल, हिरव्या, निळ्या ठिपक्यांना उजळतात. एकाच रंगाच्या शेजारच्या दोन ठिपक्यांमधले अंतर म्हणजे डॉट पिच. ते जितके कमी, तितके बारीक काम. दुकानात बहुतेक मॉनिटर 0.28 मिलिमीटरचे होते. सोनीचा ट्रिनिट्रॉनही मांडला होता. त्यात ठिपक्यांच्या जाळीऐवजी उभ्या तारा असतात आणि चित्र फार देखणे येते, पण किंमत आमच्या आवाक्याबाहेरची होती.

अब्बांना डॉट पिच समजायला वेळ लागला नाही. नस्तालीकमध्ये अक्षराची लांबी-उंची नुक्त्यानेच मोजतात. ठिपका हे माप आहे, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

आमच्या पैशांत दोन मॉनिटर बसत होते. एक नवा 15 इंची, दुसरा वापरलेला 17 इंची. दुकानदाराने दोन्हींवर बर्फाच्या डोंगराचे चित्र लावले. मोठ्यावर ते अर्थातच भव्य दिसले. अब्बा म्हणाले, “डोंगर कुठेही छानच दिसतो, भाऊ. मला पे दाखवा.”

छापखान्यातून इनपेजचे एक पान चित्र म्हणून फ्लॉपीवर आणले होते. बेखाली एक नुक्ता, पेखाली तीन, तेवर दोन, सेवर तीन. पान उघडले. मोठ्या पडद्यावर मधली अक्षरे ठीक होती, पण कोपऱ्यात पेचे तीन नुक्ते एकमेकांत मिसळून एकच डाग झाला होता. काळ्यावर पांढरे अक्षर आणले तर कडेला लाल-निळी किनार दिसे, म्हणजे तिन्ही झोत एका जागी पडत नव्हते. नळी तापल्यावर चित्र सुधारते म्हणून आम्ही चहा पिऊन वीस मिनिटांनी पुन्हा पाहिले. डाग तसाच होता.

छोट्यावर 800 बाय 600 ला चारही कोपरे वाचता आले. ब्राइटनेस वाढवला की झोत जाड होऊन अक्षर फुगते. म्हणून अब्बांनी तो कमी करून घेतला, तशी अक्षरे आणखी नीट झाली. 60 हर्ट्झला पडदा लुकलुकत होता, 85 वर थांबला. आम्ही 15 इंची घेतला.

घरी आल्यावर शेजाऱ्यांनी विचारलेच, तेवढ्या पैशांत मोठा मिळत नव्हता का? मिळत होता. पण चौथीच्या मुलाने पेला बे वाचले तर दोष त्याचा धरला जातो, पडद्याचा कुणी धरत नाही.

पहिली प्रश्नपत्रिका अब्बांनी त्याच पडद्यावर तपासली. दोन नुक्ते सुटलेले सापडले. पुढे कित्येक वर्षे माझे प्रत्येक पान त्यांच्या नजरेखालून जाई, आणि कलमाबद्दलची त्यांची तक्रार हळूहळू कमी झाली.

आता त्या नळ्या भंगारात गेल्या. शाळेत प्रोजेक्टर आणि मोठे पडदे आले, आणि विक्रेते अजून डोंगर-धबधबेच दाखवतात. निवडायची वेळ आली तर त्यांना आपले पुस्तक द्या, सर्वांत बारीक ओळ उघडायला सांगा आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसा.