दहा मीटरच्या आत

१ मे २०२४, बुधवार
झेंडावंदन झालं, निकाल वाटून झाले, सुट्टी लागली. घरामागच्या पडीक रानात डिस्क गोल्फची, म्हणजे चपटी तबकडी कमीत कमी फेकींत टोपलीत टाकायच्या खेळाची, टोपली उभी केली. बोअरचा जुना पाइप, वर लोखंडी कडं, त्याला जनावरांच्या साखळ्या लोंबत्या सोडल्या आणि खाली वेल्डरनं करून दिलेली जाळी. साखळीनं डिस्कचा वेग मारायचा, जाळीनं ती धरायची. अमेरिकेत एड हेड्रिक यांनी १९७० च्या दशकात काढलेली ही युक्ती आजही तशीच चालते.

४ मे, शनिवार
पुतण्याला लांब फेकायचं वेड. "आप्पा, तिकडं लिंबाखालनं टाकू का?" नको म्हटलं, पाच पावलांवर उभं केलं. शंभर मीटर गेलेली फेक आणि टोपलीजवळ हुकलेली फेक, गुणपत्रिकेवर दोन्हींची किंमत एकच. डाव हरतो तो जवळ. त्यामुळे हात बसेपर्यंत पाच पावलंच. चुकणं जवळजवळ बंद झालं की एक पाऊल मागं.

७ मे, मंगळवार
सकाळीच मतदान करून आलो. मग पकड शिकवली. अंगठा वर, बाकीची बोटं डिस्कच्या पोटाखाली पसरलेली, मनगट मोकळं. उजवा पाय पुढे, डावा मागे. जोर हाताचा नाही, पायाचा: वजन मागच्या पायावरून पुढच्यावर येतं आणि डिस्क त्याच ओघात सुटते. सुटल्यावर हात हस्तांदोलनाला पुढे करावा तसा टोपलीकडे राहिला पाहिजे. पोरं तो लगेच मागं ओढतात, म्हणून डिस्क भरकटते. लवकर सुटली तर डावीकडे, उशिरा सुटली तर उजवीकडे. हे कळलं की पोर स्वतःच स्वतःचा मास्तर होतं.

१२ मे, रविवार
नजरेचा सराव. अख्ख्या टोपलीकडे बघून फेकायचं नाही, साखळीची एकच कडी धरायची. उजव्या हातानं फेकणाऱ्यानं पाइपाच्या किंचित उजवीकडची, कारण वेग सरला की डिस्क डावीकडे झुकते. पुतणी आठ वर्षांची आहे. तिनं एका कडीला लाल चिंधी बांधली, तेव्हापासून तिचा नेम सगळ्यांत चांगला.
नियमही सांगितला: दहा मीटरच्या आत फेकल्यावर तोल सावरून उभं राहिल्याशिवाय पाय पुढे टाकायचा नाही. मला हा नियम फार आवडतो. घाई त्यात पकडली जाते.

१७ मे, शुक्रवार
उजनी धरणाची पातळी मृतसाठ्यातही फार खाली गेली आहे. एरवी पाण्याखाली असणारं पळसनाथाचं जुनं देऊळ पार उघडं पडलंय, बघायला लांबून गाड्या येतात. आम्हीही टोपली घेऊन खाली कोरड्या पात्रात गेलो. तिथं वाऱ्याला आडोसाच नाही. समोरून वारा असला की डिस्क वर उचलली जाते, तेव्हा पुढची कड जराशी खाली ठेवायची. पाठीमागून असला की ती खाली बसते, मग नेम वरच्या साखळ्यांवर. घराच्या आडोशाला महिनाभर घालवला असता तरी हे कळलं नसतं.

२२ मे, बुधवार
काल संध्याकाळी वादळी वाऱ्यात कुगावहून कळाशीला येणारी बोट उजनीत उलटली. एक जण पोहून काठाला लागला, सहा जणांचा शोध चालू आहे. आज टोपलीकडे कोणी फिरकलं नाही. मुलांना पाण्याकडे जायची सक्त मनाई केली.

२४ मे, शुक्रवार
सहाही जण गेले. दोन लहान लेकरं होती त्यात.

२९ मे, बुधवार
घराजवळच पुन्हा सुरुवात. पुतण्या आता आठ पावलांवरून बिनघोर टाकतो आणि लिंबाखालून टाकायचं नाव काढत नाही. पुतणीनं शेजारच्या दोघींना चिंधीची युक्ती शिकवली.
१५ जूनला शाळा उघडेल, तेव्हा ही टोपली मैदानाच्या कडेला लावायची आहे. आपल्या भागातल्या क्रीडाशिक्षकांनाही सांगणं आहे, मोठं मैदान नाही म्हणून अडू नका. पाइप, साखळ्या आणि पावणेदोनशे ग्रॅमची एक डिस्क एवढ्यावर सुरुवात होते. फक्त मुलांना पहिले काही आठवडे पाच पावलांपलीकडे जाऊ देऊ नका.