रखवालदार आणि संहिता

आमच्या कपाटात सोनीचे एक जुने पीएसपी आहे आणि त्याच्या दहाबारा चकत्या आहेत. मागील वर्षी ते आमच्याच हातून पडले आणि चकती वाचताना घरघरू लागले. या यंत्राचे उत्पादन २०१४ मध्येच थांबले. तेव्हा चकत्यांतील खेळ वाचवायचे, तर वेळीच त्यांच्या प्रती काढणे एवढाच मार्ग उरला होता. यंत्राच्या मूळ फर्मवेअरला मात्र ते मान्य नव्हते.

फर्मवेअर म्हणजे यंत्राबरोबर जागा होणारा रखवालदार. कंपनीची मान्यता नसलेला प्रोग्राम तो चालू देत नाही. पीएसपी २००४ साली जपानमध्ये आले. पुढे हौशी प्रोग्रामरांनी त्यातील फटी शोधायच्या आणि कंपनीने नव्या आवृत्तीत त्या बुजवायच्या, असा क्रम सुरू झाला. २००६ मध्ये ‘डार्क अ‍ॅलेक्स’ हे टोपणनाव घेतलेल्या प्रोग्रामरने फर्मवेअरचीच बदललेली आवृत्ती सिद्ध केली. त्यामुळे चकतीची प्रत मेमरी स्टिकवरून चालू लागली. शिवाय हौसेने घरी लिहिलेले प्रोग्राम आणि जुन्या यंत्रांचे एम्युलेटरही.

आम्ही वर्गात पाठचिकित्सा शिकवतो. पाठभेदांनी अशुद्ध झालेली ज्ञानेश्वरी एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केली, हे दरवर्षी सांगतो. प्रक्षेप हा दोष, ही समजूत अंगवळणी पडलेली. त्यामुळे परक्या हाताने बदललेली फाईल यंत्रात घालताना आमचा हात अडखळला. मध्येच बॅटरी संपली तर यंत्र निकामी होण्याची भीती होती, ती वेगळीच.

काम निर्विघ्न पार पडले. खेळ उघडला; तोच, तसाच. तेव्हा उमगले, की बदल संहितेत झालाच नव्हता, रखवालदारात झाला होता. पोथीत ओव्या घुसडणे निराळे आणि पोथीच्या पेटीचे कुलूप बदलणे निराळे.

तरीही मन पूर्ण निःशंक झाले नाही. याच वाटेने विकत न घेतलेले खेळही यंत्रात येतात, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. भारतीय प्रताधिकार कायद्याचे कलम ५२ प्रोग्रामच्या कायदेशीर धारकाला हानीपासून बचावापुरती प्रत काढू देते. आपली चकती आणि दुसऱ्याची चकती यांतला भेद बदललेल्या फर्मवेअरला कळत नाही. रखवालदार हटवला, की राखण आपल्याकडे येते.

पुढे एका विद्यार्थ्याने त्या प्रती मागितल्या. आम्ही त्याला चकत्यांसह ते यंत्रच आठवडाभर घरी नेऊ दिले. प्रत मात्र दिली नाही.