पिशवी मुलांची, ताट आपलं

हॅलोविनच्या गोडाबद्दल माझं मत बदललं आहे. न्यू जर्सीत मुलं वाढवताना कित्येक वर्षं मी ठामपणे मानत आले, की ३१ ऑक्टोबरच्या रात्री मुलांच्या पिशवीत जे काही जमतं ते होईल तितक्या लवकर घराबाहेर गेलं पाहिजे. दोन-तीन चॉकलेटं काढून द्यायची आणि उरलेली ऑफिसात नेऊन ठेवायची. नाहीतर काही दंतवैद्य हॅलोविननंतर मुलांकडून कँडी वजनावर विकत घेतात, तिकडे पोचवायची. आमच्या दाराशी येणाऱ्या मुलांच्या हातावरही मी मनुकांच्या छोट्या डब्याच ठेवायचे. आता मी दारात चॉकलेटंच ठेवते, माझ्या मुलांची पिशवी त्यांच्याच ताब्यात असते, आणि त्या दिवशीची माझी सगळी मेहनत संध्याकाळच्या जेवणावर खर्च होते. हे मी विचारपूर्वक केलं आहे, आणि ज्या मराठी घरांत हा सण नुकताच शिरला आहे तिथल्या आईबाबांशी त्याबद्दल बोलावंसं वाटतं.

आधीच्या मताला आधार होता. अमेरिकन हार्ट असोसिएशन सांगते, की २ ते १८ वर्षांच्या मुलांच्या पोटात वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमपेक्षा कमी जावी, म्हणजे साधारण सहा चमचे. दोन वर्षांखालच्या बाळांना तर ती देऊच नये. हॅलोविनला वाटतात त्या छोट्या चॉकलेटांपैकी तीन-चार खाल्ली की दिवसाचा वाटा संपला, आणि पिशवीत तर ती ढिगाने असतात. हा आकडा मला आजही तितकाच गंभीर वाटतो. तो सांभाळायचा कसा, याबद्दलचं माझं म्हणणं तेवढं बदललं.

मन हललं ते मुलांना नुसतं बघत बसल्यामुळे. घरोघर फिरून आल्यावर मुलं त्या पिशवीचं काय करतात हे मी नीट पाहिलं नव्हतं, कारण तेवढ्यात मी वाडगा घेऊन पुढे व्हायचे. एका वर्षी घरी पाहुण्यांची मुलं होती, म्हणून मागे राहिले. सगळ्यांनी आपापल्या पिशव्या गालिच्यावर उपड्या केल्या आणि बाजार भरला. आधी वर्गवारी झाली: स्निकर्स एका बाजूला, किटकॅट दुसरीकडे, आंबट-गोड चिकट गोळ्यांचा वेगळा ढीग. मग मोजणी. मग सौदे सुरू झाले. शेंगदाण्याच्या लोण्याच्या रीसेसला सगळ्यांत जास्त भाव, एका रीसेसला दोन-दोन साध्या गोळ्या. पिवळ्या, नारिंगी आणि पांढऱ्या पट्ट्यांचे मक्याच्या दाण्यासारखे दिसणारे कँडी कॉर्न, जे अमेरिकेत १८८० च्या दशकापासून बनतात, ते कुणालाच नको होते. धाकट्याला फसवलं म्हणून थोरल्यांत वाद झाला, सौदा मोडला, पुन्हा ठरला. एवढा वेळ गेला आणि तोंडात किती गेलं? अगदी थोडं. त्यांना जे हवं होतं ते खाण्याइतकंच मिळवण्यात होतं: अंधारात चालत जाण्यात, अनोळखी दाराची घंटा वाजवण्यात, मोठ्या माणसांनी आपल्या वेषाचं कौतुक करण्यात, आणि ही सगळी माझी कमाई आहे असं म्हणण्यात. ती कमाई मुलांनी घरात पाऊल ठेवताच मी काढून घेत होते.

त्यानंतर मी वाचू लागले. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात जेनिफर फिशर आणि लीअन बर्च या दोघींनी १९९९ मध्ये लहान मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. एखादा खाऊ समोर दिसतो पण हवा तेव्हा मिळत नाही असं केलं, की मुलांचं त्याच्याकडे जास्त लक्ष जातं, ती तो जास्त मागतात. तशाच प्रकारचा दुसरा खाऊ मोकळा ठेवला असता तसं होत नाही. हे वाचताना मला आमच्या फ्रिजवरचा उंच डबा आठवला आणि त्याच्याकडे लागलेले डोळेही.

आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांचं म्हणणं तर मी आता घराचा नियमच मानते. काय वाढायचं, केव्हा आणि कुठे वाढायचं हे मोठ्यांनी ठरवावं. त्यातलं खायचं की नाही आणि किती खायचं, हे मुलांनी ठरवावं. हॅलोविनबद्दल त्यांनी स्पष्ट लिहिलं आहे: त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मुलांना ती मिळकत पसरू द्या, निवडू द्या, हवं तेवढं खाऊ द्या. त्यानंतर ती बाजूला ठेवायची आणि जेवणाच्या किंवा मधल्या खाण्याच्या वेळी थोडी-थोडी काढायची. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हा मला बेजबाबदारपणा वाटला होता. करून बघितल्यावर दिसलं, की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मुलांचा जोर ओसरतो, आणि नोव्हेंबर संपायच्या आत पिशवीच्या तळाशी काय उरलंय याची कुणालाच आठवण नसते.

साखर खाल्ली की मुलं उधळतात, ही भीतीही मी सोडून दिली. दुहेरी गुप्तता पाळून केलेल्या प्रयोगांचा १९९५ मध्ये एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा साखरेमुळे मुलांचं वागणं किंवा लक्ष बदलतं असं दिसलं नाही. त्याच्या आदल्या वर्षीचा एक प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. ५ ते ७ वर्षांच्या मुलग्यांना साखर नसलेलं पेय दिलं, पण काही आयांना सांगितलं की यात साखर आहे. त्या आयांना आपली मुलं जास्त चंचल वाटली, आणि त्या मुलांवर जास्त टीका करत, जास्त पहारा ठेवत राहिल्या. हॅलोविनच्या रात्री मूल उड्या मारतं, कारण ते राक्षसाच्या वेषात आहे, झोपायची वेळ टळली आहे आणि गल्लीत सगळे मित्र आहेत. दातांची काळजी मात्र खरी आहे. ती मी सोडलेली नाही, आणि तिच्याकडे पुढे येतेच.

एवढं झाल्यावरही एक टोचणी राहिली होती: पौष्टिक खाणं या सणात आपण बाहेरून कोंबतोय का? इथे सणाचा इतिहास कामी आला. हॅलोविन आयर्लंड-स्कॉटलंडमधून अमेरिकेत आला, आणि तिथे तो सुगीनंतरचा सण होता. दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, सर्व संतांचा सण. त्यामुळे आदला दिवस कॅथलिक घरांत मांस वर्ज्य असे. मग ताटात काय? कोलकॅनन, म्हणजे लोणी-दूध घालून कुस्करलेला बटाटा आणि त्यात शिजवलेली केल किंवा कोबी. बेदाणे घातलेला बार्मब्रॅक नावाचा पाव, ज्यात अंगठी दडवायची आणि ज्याच्या तुकड्यात ती निघेल त्याचं लग्न आधी होणार असं मानायचं. सफरचंदं आणि कठीण कवचाची फळं तर इतकी, की या रात्रीला काही ठिकाणी सफरचंदांच्याच नावाने ओळखत. डॅनियल मॅक्लीस या आयरिश चित्रकाराचं १८३३ चं प्रसिद्ध चित्र त्याच नावाचं आहे. दिवे कोरायचे ते सलगमचे. भोपळा अमेरिकेत आल्यावर हाती आला, मोठा आणि कोरायला सोपा.

कँडीचं राज्य बरंच अलीकडचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत साखरेवर रेशन होतं, ते १९४७ मध्ये उठलं, आणि त्यानंतर दारोदार फिरण्याची पद्धत देशभर फोफावली. तरीही पुढे बरीच वर्षं लोक घरची बिस्किटं, पाकात वळलेले मक्याच्या लाह्यांचे लाडू, सफरचंदं, सुटी नाणी देत. मग विषाची आणि ब्लेडची भीती पसरली. १९७४ मध्ये टेक्सासमध्ये एका मुलाचा विषारी कँडीने खरंच जीव गेला, पण ती त्याच्या स्वतःच्या बापाने विम्याच्या पैशासाठी दिली होती. डेलावेअर विद्यापीठातले समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी कित्येक दशकांच्या बातम्या तपासल्या. अनोळखी माणसाने वाटलेल्या कँडीतलं विष बाधून मूल दगावल्याचं एकही सिद्ध झालेलं प्रकरण त्यांना सापडलं नाही. भीती मात्र टिकली. त्यामुळे आज दारात चालतं ते फक्त कारखान्यात बंद झालेलं पाकीट. मी प्रेमाने वळलेला लाडू समोरच्या मुलाची आई रस्त्यावरच बाजूला काढेल, आणि मी तिला दोष देणार नाही. मनुकांची डबी बंद असते खरी, पण मनुका दातांना चिकटतात आणि साखरही त्यांत भरपूर असते. दारात आरोग्य वाटायला जाण्यात अर्थ नाही. पोषणाची जागा घरात आहे, ताटात.

आणि मग २०२४ साल आलं. इथे अमेरिकेत लक्ष्मीपूजन आणि हॅलोविन एकाच संध्याकाळी आले, गुरुवारी, ३१ ऑक्टोबरला. आमच्या पायरीवर कोरलेला भोपळा आणि पणत्या शेजारी-शेजारी होत्या. आत मी शंकरपाळ्यांची बशी पुढे करत मुलांच्या मित्रांना म्हणत होते, “अरे, अजून एक घे ना, लाजू नकोस.” आणि त्याच श्वासात आपल्या मुलीला बजावत होते, “चॉकलेट आता बास हं.” बेसनाच्या लाडवातली पिठीसाखर मी आजवर साखर म्हणून धरलीच नव्हती, कारण तो फराळ होता, आपला होता, आईच्या हातच्या पद्धतीचा होता. ते लाडू मी पुढेही करणार, मनापासून करणार. पण आपलं गोड म्हणजे संस्कार आणि त्यांचं गोड म्हणजे कचरा, ही वाटणी मुलांसमोर टिकणारी नाही. मुलं दोन्हीकडची आहेत.

म्हणून आता त्या संध्याकाळचं जेवण मी सणाचं करते. आमच्या गल्लीत मुलं साडेपाचच्या सुमारास बाहेर पडतात आणि उत्साहात जेवण चुकवतात. रिकाम्या पोटी हातात कँडी आली की तेच जेवण होतं. म्हणून पाच वाजता पानं घेते. मोठ्या पातेल्यात राजम्याची चिली: टोमॅटो, ढोबळी मिरची, मका, जिरे, थोडं लाल तिखट. इथल्या कितीतरी घरांत हॅलोविनला चिलीच असते, कारण ती सकाळी करून ठेवता येते आणि थंडीत ऊब देते. सोबत लाल भोपळ्याचं भरीत, दह्यातलं, वरून जिऱ्याची फोडणी. कोरायचे मोठे भोपळे पाणचट आणि दोरेदार असतात, त्यांची भाजी बेचव होते. स्वयंपाकाला छोटा, घट्ट गराचा पाय पम्पकिन किंवा भारतीय दुकानात मिळणारी लाल भोपळ्याची फोड घ्यावी. कोरलेल्या भोपळ्याच्या बिया मात्र वाया घालवू नयेत. धुऊन, सुकवून, मीठ-तिखट-तूप लावून भाजल्या की मुलं मुठी भरून नेतात, आणि त्यांत मॅग्नेशियम-जस्त चांगलं असतं. घारगेही करते: किसलेला भोपळा गुळात शिजवायचा, त्यात मावेल तेवढी कणीक, चमचाभर तांदळाचं पीठ, जायफळ, आणि थापून तळायचे. गूळ आहे, तेल आहे, तेव्हा ते गोडातच धरते. पण भोपळ्याचा तो नारिंगी रंग त्या रात्री इतका शोभून दिसतो, की घारग्यांशिवाय पान अपुरं वाटतं.

केळ्याला मनुकांचे डोळे लावून भूत करणं वगैरे मी फारसं करत नाही. चिमुरड्यांना मजा येते, ज्यांना हौस आहे त्यांनी जरूर करावं. माझ्या घरात चवीने काम होतं. जेवण कँडीशी स्पर्धा करायला वाढलेलं नाही, ते जेवण म्हणून चांगलं आहे, एवढं मुलांना कळलं की ती जेवतात. “भाजी संपव, मग कँडी” असं मी म्हणत नाही. तसं म्हटलं की भाजी शिक्षा होते आणि कँडी बक्षीस.

आता दातांचं. दिवसभर एकेक गोळी चघळत राहणं सगळ्यांत वाईट, कारण दात सतत आम्लात राहतात. जे खायचं ते जेवणाला जोडून, एका बैठकीत खावं, वर पाणी प्यावं, रात्री ब्रश चुकवू नये. चिकट गोळ्यांपेक्षा साधं चॉकलेट दातांना बरं. चार वर्षांखालच्या मुलाला कडक गोळ्या, दाणे आणि मक्याच्या लाह्या देऊ नयेत, घशात अडकतात. मुलाला मधुमेह असेल तर त्याच्या डॉक्टरांशी आधीच बोलून घ्यावं. त्या मुलांनाही हा सण साजरा करता येतो.

पहिल्यांदाच हॅलोविन करणाऱ्या मराठी आईला माझं सांगणं आहे: पाच वाजता गरम जेवायला वाढ, मग मुलांना बाहेर सोड, आणि परत आल्यावर त्यांच्या शेजारी गालिच्यावर बस. पिशवीला हात लावू नकोस. आणि दारात चॉकलेटांच्या टोपलीशेजारी निळसर-हिरव्या रंगाने रंगवलेला एक भोपळा ठेव. फूड अॅलर्जी रिसर्च अँड एज्युकेशन या संस्थेने २०१४ पासून ही खूण देशभर नेली आहे. शेंगदाणे, दूध किंवा अंडं सोसत नाही अशा मुलांना तो भोपळा लांबूनच कळतो, की या दारात आपल्यासाठी पेन्सिल, चेंडू, चिकटचित्रं असं काहीतरी आहे.