मधल्या काळातली नोकरी

मार्च हा अकाउंट्सवाल्यांना पिळून काढणारा महिना, आणि मला तोच सर्वांत आवडतो. वर्षअखेर डोक्यावर असते, जीएसटीचे आकडे खतावणीशी जुळत नसतात, चहा टेबलावरच गार होतो. अशा वेळी शेजारच्या खुर्चीतल्या माणसाची दाढी विरळ झाली की कानात काही चमकलं, हे बघायला कुणाला सवड नसते. ताळेबंद जुळला की जुळला. तो जुळवणारी व्यक्ती पूर्वी ‘सर’ होती आणि आता ‘मॅडम’ आहे, यासाठी त्यात रकाना नाही. लोकांना सवड होते ती एप्रिलमध्ये.

ट्रान्झिशन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे एक शस्त्रक्रिया येते: पुरुष आत गेला, बाई बाहेर आली. प्रत्यक्षात ती काही वर्षांची, बरीचशी कंटाळवाणी गोष्ट आहे आणि तिचा मोठा भाग ऑफिसच्या वेळेत घडतो. हार्मोन सावकाश काम करतात. त्वचा मऊ होते, चेहऱ्याची ठेवण हळूहळू बदलते, पण दाढी गोळ्यांनी जात नाही. तिला लेझर लागतं, काही आठवड्यांच्या अंतरानं, पुन्हा पुन्हा. (कोरोनातल्या मास्कचे माझ्यावर फार उपकार आहेत.) आवाज तर इस्ट्रोजेननं तसूभरही हलत नाही, तो रियाजानंच बदलावा लागतो. उलट पुरुष होऊ पाहणाऱ्यांचा आवाज टेस्टोस्टेरॉननं काही महिन्यांत फुटतो. माझा एक मित्र ऐन मीटिंगमध्ये चिरकला, तर साहेबांनी त्याला आल्याचा चहा मागवला. मला मात्र फोनवर अजून ‘हां सर, बोला’ ऐकू येतं. मी थकलेलं बिल वसूल करते आणि फोन ठेवते.

या सगळ्याला पैसा लागतो आणि पैसा पगारातूनच येतो. मेख तिथंच आहे. बदल पेलायला नोकरी हवी, आणि त्याच बदलापायी ती जाण्याची धास्ती.

‘दुसरीकडे जा, नव्यानं सुरुवात कर,’ असं हितचिंतक सांगतात. नव्या ठिकाणी कागद जुनेच न्यावे लागतात. दहावीचं प्रमाणपत्र एका नावाचं, आधार दुसऱ्या नावाचं, पीएफच्या खात्यात पुन्हा पहिलंच. राजपत्रात नावबदल छापून आणला की त्याची प्रत जन्मभर फायलीत बाळगायची. मुलाखत टॅलीवरून, टीडीएसवरून छान चाललेली असते. मग समोरच्याचा हात फाइल उलटता उलटता थांबतो. तिथून पुढचे प्रश्न हिशेबाचे नसतात. ‘घरी चालतं का हे?’ ‘ऑपरेशन झालंय?’ शेवटी ‘कळवतो’.

कायदा आहे. २०१४ च्या नालसा निकालात सर्वोच्च न्यायालयानं आपली लिंगओळख आपण ठरवण्याचा हक्क मान्य केला. २०१९ च्या कायद्यानं पारलिंगी व्यक्तींबाबत नोकरीत भेदभाव करायला मनाई केली आणि प्रमाणपत्रं दोन ठेवली: आधी पारलिंगी म्हणून, शस्त्रक्रियेनंतर स्त्री किंवा पुरुष म्हणून. म्हणजे कायद्याला दोन मुक्काम ठाऊक. पगार मात्र त्यांच्या मधल्या वाटेवर चालतानाच कमवावा लागतो.

बीडच्या ललित साळवे यांची हकिकत मी म्हणूनच विसरत नाही. पोलीस शिपाई ललिता साळवे यांनी २०१७ मध्ये शस्त्रक्रियेसाठी रजा मागितली. मागणी काय, तर रजा द्या आणि परत आल्यावर कामावर घ्या. अर्ज फेटाळला गेला, कारण भरती महिला म्हणून झालेली आणि पुरुष शिपायाच्या उंचीचे निकष निराळे. प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. अखेर २०१८ च्या मे महिन्यात शासनानं परवानगी दिली आणि मुंबईच्या सेंट जॉर्ज रुग्णालयात पहिली शस्त्रक्रिया झाली. ललित पुन्हा खाकीत रुजू झाले. वैद्यकीयदृष्ट्या त्यांची गोष्ट माझ्याहून वेगळी, पण रजेचा अर्ज तोच. शासनाचं मन वळायला कित्येक महिने लागले. खासगी कंपनीत तेवढे महिने कोण थांबतं?

रोजच्या अडचणी न्यायालयापर्यंत जात नाहीत. स्वच्छतागृहाचंच घ्या. पुरुषांच्यात जाववत नाही, बायकांच्यात कुणी अवघडेल म्हणून जायचं नाही. मग पाणीच कमी प्यायचं. आणि आमच्यातल्या अनेकींना जी गोळी असते, स्पायरोनोलॅक्टोन, ती मुळात रक्तदाबाची, लघवी वाढवणारी! ही थट्टा कुणाला सांगणार? आमच्याकडे तोडगा निघाला तो तळमजल्यावरच्या एका खोलीचा. किल्ली शिपाईकाकांकडे असते. ते ती न बोलता पुढे करतात.

ऑफिसच्या भिंतीबाहेरही नोकरी सुटू शकते. २०१७ मध्ये कोची मेट्रोनं पारलिंगी कर्मचाऱ्यांना कामावर घेतलं, देशभर कौतुक झालं, आणि काहींनी थोड्याच दिवसांत काम सोडलं. त्यांना राहायला कुणी घर देईना. जूनच्या प्राइड महिन्यात लोगो इंद्रधनुषी करणाऱ्या कंपन्यांबद्दल मला राग नाही. पण भाडेकरारावर सही करणारा घरमालक तो लोगो बघत नसतो.

सहकाऱ्यांचं म्हणाल तर कुणी दुष्ट नाही. वर्षानुवर्षं अरे-तुरे करणारा एकजण एकदम ‘जेवलात का’वर आला. आमच्यातला मोकळेपणा गेला, पण डबा त्यानं सोडला नाही. आणि साहेब. त्यांना मी सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, ‘रिटर्न वेळेत जातील ना?’ पुढे त्यांनी ईमेलमधलं नाव बदलून घेतलं, रजा मंजूर केली आणि विषय पुन्हा काढला नाही. सहानुभूतीनं पाठीवर हात ठेवणारे मला पुष्कळ भेटले. नोकरी टिकली ती या कोरडेपणामुळे.

पण साहेब बदलतात. चांगल्या साहेबाच्या भरवशावर टिकलेली नोकरी त्याच्या बदलीबरोबर हलते, म्हणून कायद्याचं कलम लागतं. २०१९ च्या कायद्याच्या ११व्या कलमात प्रत्येक आस्थापनेनं एक तक्रार अधिकारी नेमावा असं लिहिलं आहे. नोकरीवरून काढल्या गेलेल्या एका पारलिंगी शिक्षिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २०२५ मध्ये हा कायदा कागदावरच राहिल्याबद्दल सरकारांना खडसावलं. तुमच्या ऑफिसात तो अधिकारी कोण आहे, हे उद्या जरा विचारा. ते तुम्ही विचारलंत, तर आमच्यातल्या कुणाला स्वतःकडे बोट दाखवून विचारावं लागणार नाही.