ली ह्वाच्या पत्राला उत्तर

चीनमध्ये सगळ्यात जास्त इंग्रजी पत्रं कोणी लिहिली असतील? उत्तर सोपं आहे. ली ह्वा नावाच्या एका मुलाने. (किंवा मुलीने. ते कधीच सांगितलेलं नसतं.)

हा ली ह्वा खरा कोणी नाही. तिथल्या बारावीच्या पोरांना जी कॉलेज प्रवेशाची परीक्षा द्यावी लागते, ती गाओखाओ, तिच्या इंग्रजीच्या पेपरात हा राहतो. पत्रलेखनाचा प्रश्न सुरूच असा होतो, 'समजा, तुम्ही ली ह्वा आहात.' मग ली ह्वा परदेशातल्या कोणालातरी पत्र लिहितो. 2016 च्या राष्ट्रीय पेपरात त्याला सुट्टीत एका परदेशी कंपनीत काम करायचं होतं, म्हणून अर्ज तपासून द्या अशी त्याने बाईंना विनंती केली. 2017 मध्ये तो लेस्ली नावाच्या इंग्रज दोस्ताला चिनी शिकवत होता आणि पुढच्या तासाला थांग काळातल्या कविता घेणार होता. 2018 मध्ये न्यूझीलंडच्या टेरीला चिनी घरी पाहुणा म्हणून जाताना काय पाळायचं ते सांगत होता. 2019 मध्ये स्वारी थेट लंडनला, चिनी चित्रांच्या प्रदर्शनात स्वयंसेवक व्हायला. नव्वदच्या दशकापासून ली ह्वा अशी पत्रं लिहितोय आणि अजून शाळेतून काही पास झालेला नाही. यावर चिनी पोरं भरपूर विनोद करतात.

2025 साली या परीक्षेला 1 कोटी 33 लाखांच्या वर मुलांनी नाव नोंदवलं होतं. सगळीच एक पेपर देत नाहीत, पण तरी विचार करा किती ली ह्वा झाले! आणि इतक्या वर्षांत त्यातल्या एकालाही उत्तर आलेलं नाही. परीक्षकाने गुण दिले, गठ्ठा बांधला, संपलं.

तर आजचा विषय हा. हे मला कुठून कळलं ते आधी सांगतो. प्रोजेक्टच्या निमित्ताने गेले आठ-नऊ महिने मी शेन्झेनमध्ये आहे. आमच्या टेस्टिंगचं काम बघणाऱ्या एक बाई आहेत, माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, कामात एकदम कडक. त्यांचा मुलगा बारावीला. 'तू दर रविवारी जेवायला ये आणि त्याच्याशी तासभर इंग्रजी बोल', असा सौदा त्यांनी ठेवला. पैसे-बिसे काही नाही. मी अंडं खाणारा शाकाहारी, त्यामुळे दर रविवारी टोमॅटो-अंड्याची भाजी आणि भात ठरलेला. एकट्या राहणाऱ्या माणसाला यापेक्षा चांगली ऑफर कुठे मिळणार? पोरगा मला 'गग' म्हणतो, म्हणजे दादा.

पहिल्या रविवारी त्याची वही बघून मी उडालोच. इंग्रजी अक्षर छापल्यासारखं. खरंच छापल्यासारखं, प्रत्येक अक्षर गोल, सुटं, एका उंचीचं. मला वाटलं प्रिंटआउट आहे. नंतर कळलं की या अक्षराला नावच आहे, हंगश्वे वळण. हबेई प्रांतात हंगश्वे गावची एक शाळा गाओखाओच्या निकालांसाठी देशभर गाजलेली आहे, तिच्या नावावरून. परीक्षक शेकडो पेपर तपासून थकलेला असतो, त्याला वाचायला सोपं जावं म्हणून हे अक्षर गिरवायचं. त्याच्या कित्त्याच्या वह्या बाजारात विकत मिळतात.

शब्दांचंही तसंच. गाओखाओसाठी साधारण साडेतीन हजार शब्दांची यादी घोटायची असं सगळे सांगतात. एबीसीडीच्या क्रमाने लावलेल्या कितीतरी पुस्तकांत पहिलाच मोठा शब्द 'अबॅन्डन', म्हणजे सोडून देणे. पोरं म्हणतात, आम्ही लगेच आज्ञा पाळतो. :) पाठ करायच्या युक्त्या तर अफाट आहेत. 'अँब्युलन्स' कसा लक्षात ठेवायचा? चिनीत 'आन् बु नंग स्स' म्हणा, अर्थ 'मी मरता कामा नये'. 'इकॉनॉमी'? 'ई खाओ नोंगमिन', म्हणजे शेतकऱ्यांच्या आधाराने. ही दोन ऐकून मी इतका हसलो की आतून बाई बघायला आल्या. आणि मग आठवलं, बार्शीला आमच्या मराठी शाळेत आम्हीही इंग्रजी पुस्तकाच्या मार्जिनमध्ये पेन्सिलीने देवनागरीत उच्चार लिहायचो. फरक काय?

एवढं सगळं करून पोरगा वाचायला लागला की मी गार. 'द इकॉनॉमिस्ट'च्या धर्तीचे उतारे तो सपासप सोडवतो. व्याकरणात मला हरवतो. पण मी विचारलं, 'काल काय केलंस?' तर तो सात-आठ सेकंद गप्प. मग एक वाक्य, त्यात भूतकाळ गायब. आईबद्दल सांगताना 'ही' आणि बाबांबद्दल 'शी'. त्याला फरक माहीत नाही असं नाही, लिहिताना एकदाही चुकत नाही. पण चिनी बोलण्यात 'तो' आणि 'ती' दोन्हींचा उच्चार 'था'च. लिहायची अक्षरं तेवढी वेगळी. क्रियापदही काळाप्रमाणे बदलत नाही. आपल्या मराठीत टेबल, खुर्ची, कपाट सगळ्यांना लिंग, त्यामुळे 'ही-शी'चा घोळ आपल्याला समजतच नाही. त्याच्या डोक्यात मात्र बोलताबोलता दरवेळी एक जास्तीची चेक कंडिशन रन होते. सिस्टिम हँग होणारच.

याला चिनीत नाव आहे, 'याबा यिंग्यू', मुकी इंग्रजी. दुखणं जुनं आहे आणि इलाजही बरेच झाले. ली यांग नावाच्या माणसाने लांचौमध्ये शिकत असताना मोठमोठ्याने ओरडून इंग्रजी म्हणायला सुरुवात केली आणि पुढे त्याचं 'क्रेझी इंग्लिश' करून स्टेडियमच्या स्टेडियम भरवली. हजारो लोक एका सुरात इंग्रजी वाक्यं ओरडतायत. लाज जाते म्हणे. जातही असेल. पण हजार लोक एकच वाक्य ओरडत असतील तर ऐकतंय कोण? दुसरीकडे पार्कांत आणि कॉलेजांच्या आवारात 'इंग्लिश कॉर्नर' भरायचे, अनोळखी लोक जमून एकमेकांशी मोडकंतोडकं बोलायचे. मला विचाराल तर तो जास्त शहाणा इलाज.

आमच्या या पोराला लहानपणी माणूस मिळाला होता. आईने पैसे भरून अॅपवर अमेरिकेतल्या एका बाईंकडे क्लास लावला होता. आठवड्यातून दोनदा, पंचवीस मिनिटं. त्या बाईंचं कुत्रं स्क्रीनवर यायचं, त्याचं नाव त्याला अजून आठवतं. जुलै 2021 मध्ये सरकारने शालेय विषयांच्या खाजगी क्लासेसवर मोठी बंधनं आणली, त्यात परदेशात बसलेल्या परदेशी शिक्षकांकडून असे क्लास घेणंही बंद झालं. हेतू समजण्यासारखा होता. मुलांवरचं ओझं आणि आईबापांचा खर्च कमी करायचा होता. पण गाओखाओ जागेवरच राहिली, आणि कुत्र्याची गोष्ट सांगणारी बाई तेवढी गेली.

आता मुद्द्याचा पेच. देशातल्या बहुतेक प्रांतांत बोलण्याला गाओखाओच्या मुख्य गुणांत जागाच नाही. शेन्झेन येतं ग्वांगदोंग प्रांतात, आणि इथे आहे. इंग्रजीच्या 150 पैकी 20 गुण ऐकण्या-बोलण्याचे. परीक्षा संगणकासमोर, हेडफोन घालून, लेखी पेपरच्या काही महिने आधी. तीन भाग. पहिल्यात व्हिडिओतल्या आवाजाची नक्कल करत वाचायचं. दुसऱ्यात तीन प्रश्न विचारायचे आणि पाच उत्तरं द्यायची. कोणते प्रश्न विचारायचे तेही चिनीत लिहून आलेलं असतं, फक्त इंग्रजीत करायचं. तिसऱ्यात एक गोष्ट ऐकून पुन्हा सांगायची.

पहिल्या भागावरून बाईंनी मला एका रविवारी सरळच विचारलं. कामाच्या मीटिंगमध्ये बग विचारतात त्याच आवाजात. 'तुझे उच्चार भारतीय आहेत. त्याची नक्कल करून याचे गुण गेले तर?'

वाईट वाटलं का? वाटलं थोडं. पण प्रश्न चुकीचा नव्हता. दीड-दोन गुणांनी तिथे कॉलेज बदलतं, आणि पोरगा त्यांचा आहे, माझा नाही. मी म्हटलं, वाचनाची नक्कल त्याने रेकॉर्डिंगवरूनच करावी, माझ्यासमोर वाचूच नये. मी फक्त एक काम करीन. तो बोलेल ते ऐकून घेईन, आणि जे मला माहीत नाही तेच विचारीन. बाईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, ठीक, मार्चपर्यंत.

मग मी त्याची ली ह्वाची जुनी पत्रं मागून घेतली आणि उत्तरं लिहायला लागलो. पीटर म्हणून, लेस्ली म्हणून, कधी कधी मी म्हणूनच. कागदी कातरकामाच्या प्रदर्शनाचं आमंत्रण होतं, 80 शब्दांत, एकही चूक नाही, शेवटी 'तुझ्या उत्तराची वाट पाहतो'. मी लिहिलं, येतो. पण कुठल्या गेटने? कातरकाम केलेलं विकत मिळेल का, आईला पाठवायचंय. आणि तू स्वतः कधी केलंयस का रे, की नुसतंच लिहितोयस? पोरगा हसला. त्याने कधीच केलं नव्हतं. पण त्याची आजी, हूनानमध्ये, नव्या वर्षाला खिडकीवर लावायची लाल कागदाची नक्षी करते. ते त्याने पुढची वीस मिनिटं सांगितलं. हात वापरून, चुकत, 'ही' म्हणत, मग स्वतःच 'शी' दुरुस्त करत. साडेतीन हजारांतले शब्द कमी पडले तिथे कात्री आणून दाखवली.

हे काही चमत्कारिक तंत्र नाही. त्याच्याकडे माल सगळा होता. त्या घोकंपट्टीनेच तो भरला होता, हे मी मान्य करतो. घेणारा नव्हता, एवढंच.

प्रश्न विचारायचा सराव करताना मी चिनीतली यादी बंद केली. म्हटलं, तुला खरंच जे जाणून घ्यायचंय ते विचार. दोन रविवार त्याने हवामान आणि छंद काढले. तिसऱ्या रविवारी बराच वेळ गप्प राहून विचारलं, 'गग, भारतात साधारण मुलगा असलं तर चालतं का?'

स्वयंपाकघरातला सुरीचा आवाज थांबला. बाईंना इंग्रजी चांगलं समजतं.

याचं तयार उत्तर माझ्याकडे नव्हतं. आपल्याकडे चालतं असं म्हणणं म्हणजे थाप. मी त्याला सांगितलं की मी साधारणच होतो, पहिल्या यादीत माझं नाव नव्हतं, पुण्यात इंजिनिअरिंगला गेल्यावर पहिलं वर्षभर वर्गात तोंड उघडलं नाही कारण सगळं इंग्रजीत. घरी बरेच दिवस शांतता होती, ती सगळ्यात जड गेली. आणि आज मी त्याच्या घरी जेवतोय. त्याने मग आणखी विचारलं, वडील काय म्हणाले, कोणाशी बोलायचास. पाच-सहा प्रश्न, सगळे त्याचे स्वतःचे. व्याकरणाचं मला आठवत नाही. आई बाहेर आल्या, भाजी ठेवली, त्याच्या ताटात जरा जास्त वाढली आणि काही बोलल्या नाहीत.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे म्हणायला हवी. लेखी पेपरला नावं ठेवणं सोपं आहे. पण डोंगरातल्या खेड्यातल्या पोराकडे ना परदेशी बाई, ना कुत्रं, ना रविवारी येणारा गग. त्याच्याकडे यादी आहे, सकाळचं मोठ्याने वाचन आहे आणि कित्ता आहे. बोलण्याचे गुण वाढवले तर ते शहरातल्या पोरांना आधी मिळतील. मराठी शाळेतून आलेल्या मला हे कळतं. तरीपण भाषा म्हणजे कोणीतरी पलीकडे असणं. ते परीक्षेत बसवता येत नसेल तर निदान परीक्षेच्या बाहेर तरी कोणीतरी असावं. आणि त्याला अमेरिकन उच्चारच लागतात असं नाही.

आपल्याकडे दहावीच्या इंग्रजीतही पत्रलेखन असतंच. घरात, शेजारी कोणी दहावीला असेल तर त्याचं एखादं सरावाचं पत्र घ्या आणि चुका न काढता उत्तर लिहून द्या. काय होतं ते बघा.

मार्चची परीक्षा झाली. एका खोलीत सगळे हेडफोन घालून एकदम बोलत होते, शेजारच्याचाच आवाज जास्त येत होता, एवढंच तो म्हणाला. गुण निकालाबरोबर कळतील. रविवारचा तास ठरल्याप्रमाणे बंद आहे, जेवण चालू आहे. 8 जूनला दुपारी लेखी पेपर. त्यानंतर क्रिकेटमधला एलबीडब्ल्यू काय प्रकार असतो ते त्याला इंग्रजीत समजावून हवंय. ते मला मराठीतही धड सांगता येत नाही. बघू.